फूल आधी, पान नंतर

जुनी वनस्पतिचित्रं मी हातानं उतरवून काढते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली ही चित्रं. एका कागदावर एक झाड: फांदी, पानं, फूल, फळ आणि तळाशी फुलाचे सुटे केलेले अवयव. हे काम कलाक्षेत्रातल्या माणसांना सांगितलं की ती विचारतात, "मग यात तुझं स्वतःचं काय?" विद्यापीठातल्या माणसांना सांगितलं की ती विचारतात, "यात संशोधन कुठे आलं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कामाचं मोल ठरवायची त्यांची त्यांची जी रीत आहे, तिच्यातूनच ते येतात. कला आणि अभ्यास एकत्र करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावे लागतात, आणि उत्तर देताना आपण बहुधा समोरच्याचीच भाषा उसनी घेतो. चित्रकारांपुढे अनुभूतीबद्दल बोलतो, प्राध्यापकांपुढे कार्यपद्धतीबद्दल.

मला दोघांनाही एकच उत्तर द्यायचं आहे. अभ्यासानं हाताला अडवलं पाहिजे आणि हातानं अभ्यासाला. ही अडवाअडवी जिथे होत नाही, तिथे दोन कामं नुसती शेजारी बसलेली असतात. अभ्यास पुरा झाल्यावर त्याची चित्रं काढली तर ती सजावट होते. चित्र पुरं झाल्यावर त्याला संदर्भ जोडले तर ती प्रस्तावना होते. चांगली सजावट आणि चांगली प्रस्तावना या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण ज्या कामासाठी आयुष्याची वर्षं द्यावीत असं मला वाटतं, ते काम तिसरंच आहे. त्यात चित्र काढता काढता मूळ प्रश्नच बदलतो आणि वाचता वाचता काढलेलं चित्र पुसावं लागतं.

माझ्यापुरतं हे कसं घडलं ते सांगते.

विल्यम रॉक्सबर्ग 1793 साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्यानं भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून जास्त वनस्पतिचित्रं काढून घेतली. शास्त्राच्या इतिहासात रॉक्सबर्गचं नाव ठळक आहे, आणि ज्यांनी ती चित्रं काढली त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. काही दशकांनी मद्रासकडे काम करणारा रॉबर्ट वाइट मात्र वेगळा निघाला. रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावं त्यानं नोंदवली. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या एका प्रजातीला तर त्यानं गोविंदूच्या नावावरून 'गोविंदूइया' असं नाव दिलं. पुढे वर्गीकरण बदललं आणि ते नाव मागे पडलं, पण एका शास्त्रज्ञानं आपल्या चित्रकाराला वनस्पतिशास्त्राच्या यादीत बसवलं होतं, हे छापील आहे.

मी या विषयाकडे गेले ते नावांचा प्रश्न घेऊन. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं गेलं, आणि का? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. वसाहतकाळाच्या अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ आणि चांगलं लिहिलेलं आहे. त्यात मी भर घालणार ती काय? कागदपत्रांतून न मिळणाऱ्या नावाबद्दल किती लिहिणार? नाव नाही हे एकदा सांगून झालं की लेख संपतो.

म्हणून मी चित्रं उतरवायला बसले. छायाचित्रावरून छापा घेऊन गिरवत नव्हते. मूळ आकाराचा कागद, त्याच क्रमानं फांदी, त्याच जाडीची रेषा, अशी नक्कल चालली होती. नक्कल करताना डोळा आळशीपणा करू शकत नाही. बघताना आपण पानाला 'पान' म्हणून पुढे जातो. उतरवताना प्रत्येक शीर कुठून फुटते, कडेला जाऊन वळते की तिथेच विरते, हे ठरवावं लागतं, आणि आपण ठरवलं की मग लक्षात येतं की मूळ चित्रकारानंही हे ठरवलेलं होतं. एका चित्रात पानाचा हिरवा रंग दाट, अपारदर्शक होता आणि शिरा त्याच्यावरून फिक्या रंगानं काढल्या होत्या. आधी पान, मग शीर. दुसऱ्या एका चित्रात शिरेच्या जागी कोरा कागद राखून ठेवलेला होता, म्हणजे पहिल्या फटकाऱ्यापूर्वीच शिरांचा आराखडा डोक्यात पक्का होता. एकाच संग्रहातली दोन चित्रं, आणि दोन वेगळी शिक्षणं झालेले दोन हात. हे कुठल्याही पत्रात लिहिलेलं नाही. ते फक्त कुंचला चालवताना कळतं, कारण पहिल्या पद्धतीत मनगट सैल लागतं आणि दुसरीत श्वास रोखावा लागतो.

पण खरा अडथळा आला तो अपुऱ्या पानांपाशी. या चित्रांत पुष्कळदा फूल पूर्ण रंगवलेलं असतं, एखाद-दुसरं पानही रंगवलेलं असतं, आणि बाकीची पानं नुसत्या रेषेत सोडलेली असतात. बघताना हे मोहक दिसतं, आजच्या डोळ्याला तर फारच आधुनिक वाटतं. उतरवताना मात्र मला पानापासून सुरुवात करता येईना. समोर मूळ चित्र असलं तरी शेजारी मी त्याच जातीची ताजी फांदी पाण्यात ठेवत होते, आणि फूल थांबत नव्हतं. पानं दोन-तीन दिवस तग धरतात, फूल दुपारीच कडेनं मलूल व्हायला लागतं. त्यामुळे फूल आधी, पान नंतर. वनस्पतिचित्रं काढणारे आजही याच क्रमानं जातात. एकदा तो क्रम हातात बसला की समोरचं दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र वेगळं दिसायला लागलं. आता त्यात घड्याळ दिसत होतं. रंग कुठे संपतो ते दिसत होतं, आणि हात कुठे थांबला असेल याचा अंदाज येत होता.

तिथे माझा प्रश्न बदलला. चित्रकाराचं नाव काय, याच्या जोडीला चित्रकाराला वेळ किती होता आणि तो वेळ कोण ठरवत होतं, हा प्रश्न येऊन बसला. नाव पुसता येतं. वेळ चित्रात उरतो.

हे सापडल्याचा आनंद फार मोठा होता, आणि अशा आनंदाच्या भरातच अभ्यासाची गरज सर्वांत जास्त असते. मी पुन्हा वाचायला बसले आणि वाचनानं मला अडवलं. रेषेत सोडलेलं पान हा वेळ संपल्याचा पुरावा असेलच असं नाही. वनस्पतिचित्रांत ती एक रूढ सोय आहे. एक पान रंगवलं की रंगाचा नमुना मिळाला. बाकीच्या पानांचा आकार आणि मांडणी कळली तरी शास्त्राचं काम भागतं. शिवाय अशा चित्रांच्या प्रती निघत, तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली जात, आणि कोरणाऱ्याला रंगापेक्षा रेषा हवी असते. म्हणजे मला जिथे घाई दिसली, तिथे काटकसर असू शकते, सूचना असू शकते, शैलीही असू शकते. हाताला जे पटलं होतं ते कागदानं नाकारलं नाही, पण सिद्धही होऊ दिलं नाही.

मला वाटतं, या दोहोंच्या मधली ही जागाच माझी कामाची जागा आहे. इथे बसायला धीर लागतो. कलावंताला मोह होतो की 'हे पान म्हणजे संपलेला वेळ' असं म्हणून सुंदर मालिका काढावी आणि मोकळं व्हावं. अभ्यासकाला मोह होतो की पुरावा अपुरा म्हणून विषय बाजूला ठेवावा. मी दोन्ही केलं नाही. मी असा मार्ग शोधला ज्यात तोच प्रश्न हातालाही विचारता येईल आणि कागदालाही: जी फुलं लवकर कोमेजतात त्यांच्या चित्रांत पानं जास्त वेळा कोरी आहेत का, आणि जी आठवडाभर टिकतात त्यांच्या चित्रांत कमी? पुष्कळ आमरींचं फूल कित्येक आठवडे टिकतं. पारिजातकाचं फूल संध्याकाळी उमलतं आणि पहाटे गळतं. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या जातींची यादी करून चित्रं पाहत गेलं, तर काटकसर आणि घाई यांतला फरक थोडातरी वेगळा करता येईल. हा प्रश्न वाचून कधीच सुचला नसता. आणि वाचल्याशिवाय तो तपासण्याजोगा झाला नसता.

या कामाला पूर्वज आहेत आणि त्यांच्याकडे वळून बघितलं की बळ येतं. लिओनार्दोनं 1513 च्या आसपास बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेचा विचार केला. रक्त झडपेतून पुढे गेल्यावर काय होतं हे बघायला त्यानं काचेच्या नमुन्याची योजना वहीत लिहून ठेवली: काचेची धमनी, तिच्यातून पाणी, आणि प्रवाह दिसावा म्हणून पाण्यात गवताचं बी. त्याच्या चित्रांत झडपेमागच्या फुगवट्यात फिरणारे भोवरे आहेत, आणि हे भोवरे झडप मिटायला मदत करतात असं त्याचं म्हणणं होतं. विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. नद्यांचे आणि पाण्याच्या धारांचे भोवरे त्यानं आयुष्यभर काढले होते, तोच हात हृदयाकडे वळला. पाणी इतकी वर्षं काढलं नसतं तर हृदयात तो भोवरा शोधायची बुद्धी झाली असती का? मला नाही वाटत.

दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्यात भांडण आहे. कामिल्लो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञानं 1873 साली मज्जापेशी रंगवायची पद्धत शोधली. चांदीच्या क्षारामुळे मोजक्याच पेशी काळ्या होतात आणि बाकीच्या पारदर्शक राहतात, त्यामुळे एकेक पेशी तिच्या सगळ्या फांद्यांसह सुटी दिसते. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काखाल यानं तीच पद्धत हाती घेतली, सुधारली आणि तो चित्रं काढत बसला. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचं होतं. गोल्जीला दिसलं की मेंदू म्हणजे एकसंध विणलेलं जाळं आहे. काखालला दिसलं की पेशी एकमेकींना टेकतात पण मिसळत नाहीत, प्रत्येक पेशी वेगळी आहे. रंग तोच, सूक्ष्मदर्शक तसाच, आणि निष्कर्ष दोन. 1906 साली दोघांना मिळून नोबेल मिळालं आणि गोल्जीनं आपल्या नोबेल व्याख्यानात काखालच्या सिद्धान्तावरच टीका केली. काखाल बरोबर ठरला.

काखालची चित्रं मेंदूच्या एका पातळ कापातून जशीच्या तशी उतरवलेली नाहीत. अनेक काप पाहून, मनात जुळवून, मग त्यानं ती कागदावर आणली. काय घ्यायचं, काय गाळायचं हे त्यानं ठरवलं. तो निर्णय म्हणजेच त्याचा युक्तिवाद होता. चित्र काढताना रेषा कुठेतरी संपवावी लागते, आणि पेशीची फांदी नेमकी कुठे संपते, हाच तर त्या वादाचा मुद्दा होता.

या परंपरेला विद्यापीठांत जागा मिळायला मात्र खूप वेळ लागला. ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी 1993 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन असे तीन प्रकार त्यांनी मांडले. पहिल्यात इतिहास आणि सिद्धान्त येतात. दुसऱ्यात माध्यम, साहित्य, प्रयोग यांची नोंद ठेवत केलेलं काम येतं. तिसऱ्यात विचार कलाकृतीतच मुरलेला असतो, तो शब्दांत वेगळा काढून दाखवणं हे उद्दिष्टच नसतं. कलाकृती आणि प्रबंध असे दोन्ही सादर करून मिळणाऱ्या डॉक्टरेट आज जगात अनेक ठिकाणी आहेत, आणि त्यांच्याबद्दलच्या प्रत्येक चर्चेत हे तीन प्रकार फिरून फिरून येतात.

मला त्यांचा उपयोग झाला तो अर्ज भरताना. प्रत्यक्ष कामात तिन्ही एकाच दिवसात येतात: सकाळी पत्रव्यवहार वाचायचा, दुपारी रंग घोटायचा, संध्याकाळी जे झालं त्याचं नाव ठाऊक नसतं. विद्यापीठाची अडचण अशी की तिथे कार्यपद्धती आधी लिहून मागतात. चित्रकाराला तर ती शेवटी सापडते. याला माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो अगदी साधा आहे. कार्यपद्धतीचं प्रकरण शेवटी लिहावं, पण वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

वहीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नव्यानं या वाटेला लागणारे मुलगे-मुली भेटले की मी त्यांना सिद्धान्ताआधी वहीबद्दल सांगते. माझ्या वहीत डावं पान बघितलेल्याचं आणि उजवं पान वाटलेल्याचं. डावीकडे कागदाचा आकार, संग्रहातला क्रमांक, मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर ते अक्षरशः, रंगाची भेग, टाचणीचं भोक, कोणत्या उजेडात बघितलं. उजवीकडे रेखाटन, शंका, तर्क, आठवण, राग. डाव्या पानावरचं उजवीकडे कधीही येऊ शकतं. उजव्या पानावरचं डावीकडे पुराव्याशिवाय येऊ शकत नाही. नियम एवढाच. पण याच नियमामुळे मला मोकळेपणानं कल्पना करता येते. तर्क कुठे आहे आणि वस्तुस्थिती कुठे आहे हे पानावरच दिसत असल्यामुळे दोहोंची भेसळ होईल ही भीती राहत नाही. कागदाच्या मागच्या बाजूच्या नोंदींनी तर मला इतकं दिलं आहे की चित्र हाती आलं की मी आधी ते उलटं करून बघू देण्याची विनंती करते.

आणि वाचन थांबवायचं कधी? हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. वाचनाला अंत नाही, आणि अजून थोडं वाचलं की मग हात घालू, असं म्हणत माणसं वर्षं घालवतात. मी उलट सांगते. विषय अनोळखी असतानाच पहिल्या आठवड्यात हातानं काम सुरू करावं. तेव्हा जे प्रश्न पडतात ते अडाणी असतात, आणि नंतर कितीही वाचलं तरी तसले प्रश्न पुन्हा पडत नाहीत. 'फूल का आधी?' हा तसलाच प्रश्न होता. विषयात मुरल्यावर मी ती रूढी म्हणून सोडून दिली असती.

आता अवघड भाग. कागदपत्रांत जे नाहीच, त्याचं काय करायचं?

काही वेळा ते असतं, आपण बघितलेलं नसतं. 'होर्तुस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममधून प्रसिद्ध झाला. तो हेन्ड्रिक व्हान रेडे या मलबारातल्या डच गव्हर्नरच्या नावावर आहे. पण त्याच्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या वैद्यांची साक्ष छापलेली आहे, आणि रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी विद्वानांची साक्षही आहे, तीही नागरी लिपीत. झाडांची माहिती कुणी दिली हे त्या लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं आणि ते ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात कोरलं गेलं. सतराव्या शतकातला तो नागरी मजकूर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ नुसती अक्षरांची वळणं बघत होते. कोरणाऱ्याला ती लिपी येत नसणार. त्यानं अक्षरं चित्रासारखी उतरवली असणार. हे वाक्य माझ्या वहीत उजव्या पानावर आहे.

काही वेळा मात्र ते खरोखरच नसतं. सईदिया हार्टमन या अमेरिकी अभ्यासिकेनं 2008 मध्ये गुलामांच्या व्यापाराच्या कागदपत्रांविषयी लिहिताना हा पेच समोर ठेवला. एका जहाजावर मारल्या गेलेल्या मुलीची नोंद केवळ खटल्याच्या कागदात आहे, तीही तिच्या मृत्यूपुरती. तिचं आयुष्य लिहायचं तर कल्पनेशिवाय मार्ग नाही, आणि कल्पना करायची तर तिच्यावर पुन्हा आपली इच्छा लादल्यासारखं होतं. हार्टमन यांनी या दोहोंच्या ताणातच लिहायची रीत सुचवली: काय घडलं असू शकेल हे मांडायचं, आणि ते आपल्याला कधीच पक्कं कळणार नाही हेही त्याच वाक्यात ठेवायचं. मला ही रीत नैतिकदृष्ट्या फार महत्त्वाची वाटते. अनामिक चित्रकाराला मी नाव दिलं, घर दिलं, मुलगी दिली, तर प्रेक्षकांना तो जवळचा वाटेल यात शंका नाही. पण मग त्याचं खरं नाव हरवलं आहे ही गोष्टच झाकली जाईल. म्हणून मी त्याला नाव देत नाही. मी त्याच्या थांबलेल्या हाताच्या जागेवर माझा हात थांबवते.

म्हणजे नेमकं काय, तर माझ्या मालिकेत मी ताजं फूल समोर ठेवून चित्र सुरू करते आणि ते कोमेजलं की थांबते. जे झालं ते रंगात, राहिलं ते रेषेत. जास्वंदीच्या कुळातलं हिबिस्कस म्युटॅबिलिस नावाचं झाड आहे. त्याचं फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारपर्यंत गुलाबी होतं आणि संध्याकाळी गडद लालसर. शास्त्रीय चित्रात फुलाचा एक प्रातिनिधिक रंग दाखवावा लागतो. हे फूल काढताना पहिली पाकळी पांढरी झाली, आणि पाचवीपाशी पोचेतो समोर पांढरं काही उरलंच नव्हतं. मी ती जशी दिसली तशी रंगवली. एका फुलाच्या पाच पाकळ्या पाच वेळांच्या. शास्त्रीय चित्र म्हणून ते चूक आहे. पण त्या फुलाची वेळ त्यात आहे, आणि जुन्या चित्रकाराला पाचही पाकळ्या एका रंगात आणण्यासाठी आठवणीवर किती भिस्त ठेवावी लागली असेल हेही ते काढल्यावरच मला समजलं.

असं काम भिंतीवर लावायची वेळ येते तेव्हा वेगळीच कसोटी असते. संशोधनावर आधारलेल्या प्रदर्शनांचा एक ठरावीक चेहरा झाला आहे: काचेची पेटी, पिवळट कागदांच्या छायाप्रती, भिंतीवर लांबलचक मजकूर. त्यातून कष्ट दिसतात, पण प्रेक्षक उभ्यानं वाचत राहतो आणि बघायचं राहून जातं. मला वाटतं, समजण्यासाठी ज्या कलाकृतीला पानभर मजकूर लागतो, तिथे ते पानच कलाकृती आहे. मग ते कलाकृतीच्या तोडीचं लिहावं, बसून वाचता येईल असं छापावं, आणि भिंत मोकळी करावी.

मजकुराशिवाय किती सांगता येतं याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत लख्ख उदाहरण फ्रेड विल्सन या अमेरिकी कलावंताचं आहे. 1992 साली त्यांनी बाल्टिमोरच्या मेरिलँड हिस्टॉरिकल सोसायटीत प्रदर्शन मांडलं, तेही संस्थेच्याच संग्रहातल्या वस्तूंमधून. एका पेटीत चांदीची नक्षीदार भांडी, आणि त्यांच्याच मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. चिठ्ठीवर 'धातुकाम' आणि वर्षं, 1793 ते 1880. एवढंच. दोन्ही वस्तू त्याच संग्रहात होत्या, त्याच काळातल्या होत्या, दोन्ही खरोखरच धातुकाम होत्या. त्या एकत्र ठेवल्या गेल्या नव्हत्या, इतकंच. हे करण्यासाठी गोदामात किती शोधाशोध केली असेल, नोंदी किती वाचल्या असतील! त्यातलं काहीही प्रेक्षकाला वाचावं लागत नाही. संशोधन मांडणीत उतरलं आहे.

जिवंत माणसांबरोबर काम करायचं तर मापच बदलतं, आणि तिथे मी मिअर्ल लेडरमन युकेलीस यांच्याकडे बघते. 1977 पासून त्या न्यूयॉर्क शहराच्या सफाई खात्यात निवासी कलावंत म्हणून काम करू लागल्या. 1979-80 मध्ये त्यांनी खात्यातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक करून भेटून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. समाजशास्त्रज्ञानं नमुना निवडला असता आणि बाकीचे सोडले असते. त्यांनी कुणालाच सोडलं नाही. सगळ्यांना भेटणं हा शास्त्राच्या दृष्टीनं अपव्यय आहे. पण नेमकं तेच त्यांचं म्हणणं होतं: यांच्यातला कुणीही दुसऱ्याचा नमुना नाही.

आपल्याकडे ही वाट कमी मळलेली आहे असं कुणी म्हणालं की मला इरावती कर्वे आठवतात. बर्लिनमध्ये मानवशास्त्रातली डॉक्टरेट, कवट्यांची मोजमापं, नातेसंबंधांच्या व्यवस्थेवरचं आयुष्यभराचं काम, आणि मग महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त' हे ललित लेखन, ज्याला 1968 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या लेखनाला भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीची शिस्त आहे. मागाहून जोडलेल्या कथा कितीही लाडक्या असल्या तरी त्या बाजूला ठेवायच्या, आणि जे उरलं त्यात गांधारीला, कुंतीला, द्रौपदीला माणूस म्हणून उभं करायचं. कुलसंस्थेचा अभ्यास केलेला नसता तर त्या स्त्रियांना त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांना सुचलेच नसते. आणि ललित गद्य हाती नसतं तर ते प्रश्न तळटीपेत राहिले असते. संशोधन आणि निर्मिती यांच्या मिलाफाबद्दल मराठीत बोलायचं तर सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच पडू नये.

कोमेजणाऱ्या फुलांच्या यादीवर सध्या मी एका वनस्पतिशास्त्रज्ञ मैत्रिणीबरोबर काम करते आहे. कोणत्या जातीचं फूल किती तास टिकतं, हे तिला ठाऊक आहे किंवा तिला मोजता येतं. जुन्या चित्रात कुठे रंग आहे आणि कुठे नुसती रेषा, हे मी बघते. दोन्ही रकाने भरत चाललो आहोत. सुरुवातीलाच तिनं एक मुद्दा काढला जो मला सुचला नव्हता: फांदी झाडावरून तोडून आणलेली होती की चित्रकार झाडापाशीच बसला होता, यावर फुलाचं आयुष्य बदलतं. शिवाय फूल पाण्यात ठेवलं होतं का, मोसम कोणता होता, हेही. त्यामुळे आम्ही एक नवा रकाना वाढवला आणि त्यातली बरीच घरं रिकामी आहेत. उलट, काही चित्रांत पाकळीची कड किंचित आत वळलेली मी दाखवली तेव्हा तिनं ते फूल तोडून निदान अर्धा दिवस झाला असावा असं सांगितलं, आणि एक रिकामं घर पेन्सिलीनं भरलं.

ही सारणी आणि माझी चित्रं एकाच संचात प्रसिद्ध करायची की वेगवेगळी, यावर आमचं एकमत झालेलं नाही. तिला वाटतं, सारणी आधी यावी, म्हणजे चित्रं बघणाऱ्याला आपण काय तपासतो आहोत ते कळेल. मला वाटतं, चित्रं आधी यावीत, म्हणजे सारणी कशासाठी करावीशी वाटली ते कळेल. तूर्त दोन्ही एकाच टेबलावर पसरलेली आहेत, आणि पेन्सिलीनं भरलेली घरं शाईनं भरायला पुरेल एवढा पुरावा मिळेपर्यंत ती तशीच राहतील.